मनाचा आजार आणि चाकरीचा हक्क

ज्याचे मन आजारी पडले त्यास त्याच्या कामावर राहू देणे ही दया आहे, की न्याय? हा प्रश्न आमच्या मंडळ्यांस परका नाही. पाय मोडलेल्या गड्याची आपण वाट पाहतो. परंतु शाळेतील मास्तरांची झोप उडाली, वर्गात उभे असता त्यांस रडे आवरेना, तर "डोके फिरले, दुसरा माणूस पाहा" असे आपणच म्हणतो. कोणी त्यास बाधा म्हणतो, कोणी विश्वासाची उणीव म्हणतो.

एलीयाचे चरित्र पाहा. कर्मेल डोंगरावर जय मिळाल्यावर हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने अरण्यात पळाला व झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्यास निजू दिले, दोनदा भाकर व पाणी पुरविले, आणि होरेबापाशी त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेऊन त्यास पुन्हा काम व अलीशासारखा सोबती दिला. अलीशा पुढे त्याच्या जागी यावयाचा होता हे खरे; तरी एलीयाची सेवा तेथे संपली नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्याविषयी अहाब राजास जाब विचारण्यास देवाने एलीयासच धाडले.

देशाचा कायदाही आज ह्याच दिशेस बोलतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६, ह्यात दीर्घ व गंभीर मनोविकाराचा समावेश आहे. सरकारी नोकरास, तसेच सरकारचे साह्य घेणाऱ्या संस्थेतील नोकरास, नोकरीत असता असे अपंगत्व आले तर त्यास काढता येत नाही, की त्याचा दर्जा उतरविता येत नाही. पहिले काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये एका केंद्रीय पोलीस दलातील अधिकाऱ्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्या वर्तनास मनोविकार हे एक कारण आहे, त्यावरून शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव होय.

कोणी विचारील, "मग लेकरांच्या शिक्षणाचे काय?" हा आक्षेप खरा आहे. आजारी मास्तरांवर वर्ग लादणे हा लेकरांवर व मास्तरांवरही अन्याय होईल. परंतु वर्ग काही काळ दुसऱ्याकडे देणे निराळे, आणि माणसाची भाकर तोडणे निराळे. पहिले केल्याने दुसरे करण्याचा अधिकार कोणास मिळत नाही.

खाजगी धन्यावर कायद्याचे हे सारे बंधन नाही. पण जेथे कायदा थांबतो तेथे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य थांबते काय? दया करणारा आपल्या इच्छेने देतो व इच्छेने थांबतो. न्याय मात्र ज्याचे त्यास द्यावाच लागतो. मनाने खचलेला चाकर भीक मागत नाही. तो आपली जागा मागतो.

म्हणून आमची पाळक, उपदेशक व पंच ह्यांस विनंती आहे की, आजाराच्या भरात लिहिलेला राजीनामा घाईने स्वीकारू नये. आजाऱ्यास देवऋष्याकडे नव्हे, तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि सोबत आपणही जावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तो क्रमांक मंदिराच्या दारी लावावा. प्रार्थना तर करावीच. परंतु एलीयास प्रथम भाकर व झोप मिळाली, हे कोणी विसरू नये.