दोन समीकरणांतलं वादळ

जुलैत कोकणासमोरचा समुद्र चांगला सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापलेला असतो, हवेत बाष्प ठासून भरलेलं असतं. तरी अरबी समुद्रातली मोठी चक्रीवादळं येतात ती मे-जूनमध्ये, नाहीतर दिवाळीच्या आगेमागे. ऐन पावसाळ्यात का नाही? हे कोडं मला सुटलं ते महासंगणकाच्या रंगीबेरंगी नकाशांमुळे नव्हे, वहीच्या एका पानावर मावणाऱ्या गणितामुळे.

एमआयटीचे केरी इमॅन्युएल यांनी 1986 साली चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारं इंजिन मानून हिशेब मांडला. खाली 29 अंशांचा समुद्र, वर पंधरा-सोळा किलोमीटरवर उणे 71 अंशांची हवा. केल्विनमध्ये हे आकडे 302 आणि 202. फरक शंभराचा; त्याला 302 ने भागलं की साधारण एक तृतीयांश येतो. समुद्राकडून घेतलेल्या उष्णतेचा फार तर एवढाच वाटा वाऱ्याला गती देऊ शकतो.

ही उष्णता मिळते कशी? दोरीवरचा ओला पंचा वाऱ्यावर पटकन वाळतो, तसंच समुद्राचंही आहे. वारा वाढला की बाष्पीभवन वाढतं आणि त्या बाष्पातूनच वादळाला बळ मिळतं. वारा दुप्पट झाला की मिळकत ढोबळमानाने दुप्पट. पण समुद्राच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणात जाणारी ऊर्जा वाऱ्याच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे दुप्पट वाऱ्याला आठपट खर्च! जमा आणि खर्च जिथे जुळतात, ती त्या वादळाची कमाल मर्यादा.

बहुतेक वादळं त्या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. त्यासाठी इमॅन्युएल यांनी 2017 मध्ये दोन समीकरणांचं एक छोटं प्रारूप मांडलं. एक वाऱ्याचं, दुसरं वादळाच्या गाभ्यातल्या ओलाव्याचं. पहिल्यात ओलावा येतो तो घनाने. गाभा पूर्ण ओला असेल तर 1 धरा, तो 0.8 वर आला की घन होतो 0.512. पाचवा हिस्सा ओलावा गेला आणि इंजिनाचं बळ निम्म्यावर आलं. हा आकडा पहिल्यांदा स्वतः करून पाहिला तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं.

ओलावा घालवतो कोण? वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतली तफावत. ती कोरडी हवा गाभ्यात घुसवते. जुलैत आपल्याकडे खाली नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि वर तितक्याच जोमाने उलटा, पूर्वेकडून येणारा झोत असतो. अशा ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहत नाही. पावसाळ्याचं कोडं सुटलं ते इथे.

या प्रारूपात वादळाच्या डोळ्याभोवतीची भिंत नाही, पावसाचे पट्टे नाहीत. इतकं वगळूनही जे टिकतं तेच वादळाचं मूळ आहे, असं मी मानतो. त्याने अंदाजाचा प्रश्न मिटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे निघालेलं ओटिस साधं वादळ राहील असा आदल्या दिवसापर्यंत अंदाज होता. अकापुल्कोजवळ ते धडकलं तेव्हा वारा ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे गेला होता. गाभ्याचा ओलावा आणि वरचे वारे समुद्रावर नेमके मोजणं अवघड, आणि घनामुळे तिथली छोटी चूकही पुढे मोठी होते.

पण हलक्या गणिताचा एक उपयोग अवजड प्रारूपांना सहज जमत नाही. त्यातून एका किनाऱ्यासाठी हजारो कल्पित वादळं चालवून पाहता येतात. आपल्या किनाऱ्यावर थेट धडकलेल्या वादळांची नोंद इतकी तुटपुंजी आहे की नुसत्या इतिहासावरून काहीच सांगता येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत सुपारीची झाडं रांगेने मोडून पडली. नवं रोप फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. ते लावणाऱ्याला उद्याचा वारा नको असतो. या झाडाच्या आयुष्यात तसा वारा किती वेळा येईल, हे हवं असतं.