खमीर कोठे ठेवावे?



हवामान बदलत आहे हे शेतकऱ्यास आता पुस्तकातून शिकवावे लागत नाही. मृग कोरडा जातो आणि कापणीच्या वेळी पाऊस कोसळतो, हे तो डोळ्यांनी पाहतो. प्रश्न असा की, गरीब देशांनी ह्या संकटाची तरतूद निराळे खाते काढून करावी, की शाळा, रस्ते, शेती, दवाखाने ह्या सर्वच कामांत ती मिसळावी? हा प्रश्न केवळ राज्यकारभाराचा नसून शेजारप्रीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

बांगलादेशाचेच उदाहरण घ्या. तो प्रांत पूर्व पाकिस्तान म्हणून ओळखला जात असता, 1970 सालच्या चक्रीवादळात निदान तीन लाख माणसे मेली असे मानतात. 1972 साली गावोगावी इशारा देणाऱ्या स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. तथापि 1991 च्या वादळात पुन्हा सुमारे 1,38,000 लोक मृत्यू पावले. त्यांत स्त्रिया व मुले फार होती. आसरे थोडे होते. शिवाय परपुरुषांच्या गर्दीत जाण्यास स्त्रिया कचरत, आणि गुरे सोडून जाण्यास घरधनी धजत नसे. पुढे उंच खांबांवर पक्क्या इमारती अधिक बांधल्या गेल्या. एरव्ही त्या प्राथमिक शाळा, वादळात आसरा. कित्येकींत स्त्रियांसाठी निराळ्या खोल्या व गुरांसाठीही जागा केली. 2020 साली अंफान वादळापूर्वी तेथे सुमारे 24 लाख लोक हलविण्यात आले, आणि त्या देशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. सर्व वादळे सारखी नसतात हे खरे. तरी पूर्वतयारीचे फळ कोणासही दिसण्याजोगे आहे.

ह्यातील मर्म ध्यानात घ्यावे. दहा वर्षांतून एकदा उघडणाऱ्या घराची किल्ली हरवते व छप्पर गळते. ज्या घरात मुले रोज अक्षरे गिरवतात, त्याची वाट सर्वांच्या पायाखालची असते. आपल्या प्रभूने दाखल्यात सांगितलेले खमीर पिठाच्या शेजारी ठेवलेले नव्हते. ते पिठात मिसळले, म्हणून सर्व पीठ फुगले.

कोणी म्हणतील, धूर श्रीमंत राष्ट्रांनी केला, मग गरिबाने का झिजावे? ही तक्रार न्याय्य आहे, आणि ती मोठ्याने मांडलीच पाहिजे. परंतु न्याय मिळेपर्यंत आपले लेकरू उघड्यावर ठेवणारा बाप शहाणा नव्हे. दुसरे कोणी म्हणतील, उद्याची चिंता करणे हा अविश्वास होय. तर मग योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारांत भरला, तो अविश्वास होता काय? चिंता मनुष्यास खाते. तरतूद शेजाऱ्यास वाचविते.

म्हणून ग्रामसभेत नवी शाळा, रस्ता किंवा विहीर ह्यांची गोष्ट निघेल तेव्हा आपल्या मंडळीतील कोणी उठून नम्रपणे विचारावे: पूर आला तर पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरेल? अवर्षण पडले तर कोणाचा घडा प्रथम रिता राहील? बहुधा ते घर गावाच्या सखल कडेचे असेल. कदाचित आपलेच असेल. आपले नसेल, तर हा प्रश्न विचारणे आपणांवर अधिकच बंधनकारक आहे. संकट ओसरल्यावर घोंगडी वाटणे ही दया खरी. परंतु घोंगडी घेणारा जिवंत राहावा म्हणून आधी झटणे, ही तिच्याहून थोर दया होय.