पेटीतले प्राणी

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. फराळ आटोपला होता. अंगणातल्या किल्ल्यावर मावळे आपापल्या जागी उभे राहिले होते, आणि आमचा नातू झोपाळ्यावर बसून हातातल्या खेळाच्या यंत्रावर भराभर बोटे चालवीत होता. दुपारी माझा डोळा लागेना, म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्यानेही मोठ्या उदारपणे मला खेळात घेतले.

"आजोबा, तुम्ही तुमचे सहा निवडा," तो म्हणाला.

पडद्यावर तीस-तीस घरांच्या पेट्या होत्या आणि घराघरांतून नाना तऱ्हेचे प्राणी बसले होते. पाच मी त्याच्या सल्ल्याने घेतले. सहावी मात्र माझ्या मनाने घेतली. पांढरीशुभ्र, अंगावर निळा पट्टा, गालांवर पिवळे ठिपके अशी ती एक खार होती. पाचिरिसू तिचे नाव.

"ती नको, आजोबा," तो म्हणाला. "ती काही कामाची नाही. तिला पेटीतच राहू द्या."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. भाजीवाल्याने किडके वांगे बाजूला काढावे तितक्या सहजपणे तो बोलला. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. ते मी पूर्वी कोठे तरी ऐकले होते, आणि कोणाच्या तोंडून ते आठवायला मला दोन दिवस लागले.

ज्यांच्या घरी या वयाची नातवंडे नाहीत अशा वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. साटोशी ताजिरी नावाचा एक जपानी मुलगा टोकियोजवळच्या माचिदा गावी वाढला. त्याला किडे पकडण्याचा नाद होता. पुढे गावाची वस्ती वाढली, तळी बुजली, शेते गेली आणि किडेही गेले. हा मुलगा मोठेपणी खेळ रचू लागला. आपल्या बालपणीचा आनंद शहरातल्या मुलांना मिळावा, या इच्छेतून त्याने व त्याच्या सोबत्यांनी 'पोकेमॉन' हा खेळ तयार केला. १९९६ साली तो जपानात गेमबॉय या छोट्या यंत्रावर आला. रानात हिंडायचे, प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची, असा हा खेळ आहे. एका वेळी बरोबर सहाच प्राणी घेता येतात आणि प्रत्येकाला चारच डाव शिकवता येतात. अग्नी वनस्पतीला जाळतो, वनस्पती पाण्याला शोषते, पाणी अग्नीला विझवते, हे त्यातले पहिले शास्त्र.

सुरुवातीला असे १५१ प्राणी होते. १९९९ साली ते २५१ झाले, २००२ साली ३८६ झाले, आणि आता तर संख्या हजाराच्या वर गेली आहे. नातू हे आकडे घरच्या दागिन्यांची मोजदाद करावी तशा अभिमानाने सांगतो. मला मात्र बुद्धिबळाची आठवण झाली. बुद्धिबळात मोहरे सहाच प्रकारचे, पण माणसाचा जन्म त्यात पुरत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात, पण म्हणून गंजिफा बुद्धिबळाच्या वीसपट खोल आहे असे कोणी म्हणणार नाही. यादीची लांबी वेगळी आणि डावाची खोली वेगळी.

पहिल्याच पोकेमॉनमध्ये याचा प्रत्यय आला. त्यात गुणधर्म पंधरा होते, पण मनोबलाने लढणाऱ्या प्राण्यांना खरा तोड नव्हता. भुताखेतांच्या डावांनी ते नमावेत असा रचनाकारांचा हेतू दिसतो, परंतु एका चुकीमुळे ते डाव त्यांना लागतच नसत. परिणाम असा झाला की, जाणते खेळाडू समोरासमोर बसले म्हणजे चान्सी, स्नॉरलॅक्स, टॉरोस अशी तीच ती मंडळी बहुतेक प्रत्येक संघात दिसू लागली. १५१ जणांच्या पंगतीत पाने सगळ्यांची मांडलेली, पण वाढपी फिरतो आहे मोजक्याच दहा-बारांपुढे! १९९९ साली अंधार आणि पोलाद असे दोन नवे गुणधर्म आणून रचनाकारांनी ही पंगत थोडी सरळ केली.

माझी थोरली नात आता नोकरी करते. लहानपणी ती असेच आणखी दोन-तीन खेळ खेळत असे. मी चौकशी आरंभली तेव्हा तिने मला दुसऱ्या घराण्यांचीही माहिती दिली. १९९८ साली 'ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स' नावाचा खेळ आला. त्यात २१५ प्राणी आहेत. पण तिथे नुसते पकडून भागत नाही. दोघांची जोडी जमवावी लागते, त्यांच्यापासून अंडे मिळते, आणि ते दोघे आईबाप कायमचे निघून जातात. पिल्लू पहिल्या पायरीपासून सुरुवात करते. पण आईबापांचे कसब त्याला वारशाने मिळते आणि म्हणून ते त्यांच्याही पुढे जाऊ शकते.

याहून जुने घराणे 'मेगामी तेन्सेई' या खेळांचे. त्यातला पहिला १९८७ चा. तिथे जगभरच्या पुराणांतले देव, दैत्य आणि पिशाच्चे एका यादीत आहेत. आपला गणपती आहे, विष्णू आहे, शंकर आहे. त्यांना पकडायचे नसते, त्यांच्याशी बोलणी करायची असतात. कोणी पैसे मागतो, कोणी कोडे घातल्यासारखा प्रश्न विचारतो, तर कोणी पैसे घेऊन सरळ पळ काढतो! आणि पुढे जायचे असेल तर हाती असलेल्या दोघांना एकत्र आटवून तिसरा घडवायचा. दोघे नाहीसे होतात आणि त्यांचे काही गुण तिसऱ्यात उतरतात. २००३ सालच्या खेळात बाली बेटावरची रांगडा चेटकीण आणि तिचा हाडवैरी बारोंग यांना एकत्र आटवले की त्यातून शिव निर्माण होतो. हे ऐकून मी प्रथम दचकलो. मग वाटले, ज्याने विष आणि चंद्र दोन्ही अंगावर बाळगले त्याच्यासाठी ही जोडी काही वाईट निवडलेली नाही.

त्याच खेळातली झुंज पोकेमॉनपेक्षा कडक आहे. शत्रूच्या मर्मावर घाव बसला तर जास्तीची पाळी मिळते. घाव चुकला किंवा वाया गेला तर असलेल्या पाळ्याही जातात. आणि हाच नियम शत्रूलाही लागू असतो. तेव्हा तिथे नुसत्या बळाला किंमत नाही. समोर कोण आहे त्यावर आपल्यातला कोण उपयोगी हे ठरते, आणि काल बाजूला बसवलेला आज पुढे बोलवावा लागतो.

हे तीन संसार मी शेजारी शेजारी ठेवून पाहू लागलो. पोकेमॉन म्हणतो, सगळ्यांना जवळ ठेवा. पण बहुतेक जण पेटीत पडून राहतात. मेगामी तेन्सेई म्हणतो, कोणालाच धरून ठेवू नका. पण तिथे आटून गेलेल्याचाही काही अंश पुढे चालत राहतो. ड्रॅगन क्वेस्टमधले आईबाप अंडे मागे ठेवून जातात, आणि हे तर आपण सगळेच करतो. यात दयाळू कोण? विसरून जाऊन जिवंत ठेवणारा, की आठवण ठेवून संपवणारा? मला अजून उत्तर सापडलेले नाही. विस्मरणाची दया मात्र मला पूर्वीइतकी निर्मळ वाटत नाही.

नातीने पुढे जे सांगितले त्याने माझी झोपच उडवली. २००२ पासून पोकेमॉनमध्ये प्रत्येक प्राण्याला जन्मतःच सहा गुप्त अंक मिळतात. बळ, चपळाई वगैरे सहा बाबींसाठी प्रत्येकी शून्य ते एकतीस. नुसत्या नशिबावर सोडले तर सहाही अंक पूर्ण असलेला प्राणी शंभर कोटींत एखादा निघेल. म्हणून हौशी खेळाडू अंड्यांमागून अंडी उबवतात, अंक तपासतात आणि मनाजोगते पिल्लू मिळाले की बाकीची रानात सोडून देतात.

"तू सोडलीस?" मी विचारले.

"शेकडो, आजोबा," ती म्हणाली आणि थोडी ओशाळली.

तिने ओशाळण्याचे काही कारण नव्हते. ते चित्रातले प्राणी. त्यांना ना भूक, ना दुःख. ओशाळायचे कोणी असेल तर मी. कारण नातवाचे ते वाक्य मी कोठे ऐकले होते ते मला त्याच क्षणी आठवले. ते माझेच होते.

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. दरवर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मी वर्गातली सात-आठ मुले निवडीत असे आणि शाळा सुटल्यावर त्यांना तासभर जादा शिकवीत असे. त्याचा मोबदला घेतला नाही, आणि त्याचा मला अभिमानही होता. एके वर्षी एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. "सर, मी बसू का?" त्याने विचारले. मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "हे तुझं काम नाही. घरी जा." त्याने मान डोलावली आणि तो गेला. निवडलेल्या मुलांची नावे मला आजही पाठ आहेत. त्या मुलाचा आवाज आठवतो. नाव आठवत नाही. त्याला कोणी शिक्षा केली नव्हती, कोणी हाकलले नव्हते. तो फक्त पेटीत राहिला.

त्या खेळाच्या रचनाकारांना मात्र आपल्या नियमातली सल जाणवली असावी. २०१६ च्या खेळात त्यांनी एक सोय केली. शंभराव्या पायरीला पोचलेल्या प्राण्याला खास शिक्षण देता येते. त्याची जन्मपत्रिका बदलत नाही, पण झुंजीत तो पूर्ण अंकांचाच धरला जातो. हे वाचताना मला रंगभूमीवर उभा असलेला कर्ण दिसला. त्याला कुळ विचारणाऱ्यांना ही सोय ठाऊक नव्हती.

आता त्या खारीकडे वळतो. मी तिची कथा सांगताच नात हसली आणि धाकट्याला म्हणाली, "अरे, तुला सेजुन पार्क ठाऊक नाही?" २०१४ साली वॉशिंग्टनमध्ये पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क तिथे मोठ्यांच्या गटात जिंकला, आणि त्याच्या संघात ही खार होती! त्या स्पर्धेत दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी एकदम उतरतात. खारीला एक डाव येतो. त्याने शत्रूचे घाव ती स्वतःकडे ओढून घेते. ती मार खात उभी राहायची आणि तेवढ्यात शेजारचा बलाढ्य जोडीदार आपले काम करायचा. एकास एक झुंजीत ती खरोखरच फारशा कामाची नाही. दोघांस दोघे म्हटल्यावर तिला जागा निर्माण झाली.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. डाव अवघड केल्याने दुबळ्यांची गच्छंती होतेच असे नाही. अवघडपणा दोन जातींचा असतो. एक जात तीच ती फूटपट्टी अधिकाधिक बारीक करते. गुप्त अंकांचा हिशेब त्यातला. दुसरी जात फूटपट्ट्यांची संख्या वाढवते. पाळ्यांचा नियम किंवा जोडीची झुंज त्यातली. पहिलीत यादी जितकी लांब तितके टाकाऊ अधिक. दुसरीत यादी लांबली तर कामेही वाढतात. माझा वर्ग पहिल्या जातीचा होता. त्रेपन्न मुले आणि एक फूटपट्टी.

पण उरलेले निम्मे उत्तर काय? खारीचा मान वाढला तो ती जिंकली म्हणून. जे कधीच, कोणत्याही डावात जिंकणार नाहीत, त्यांचे काय? २०१९ साली पोकेमॉनचा नवा खेळ आला तेव्हा पूर्वीचे सगळे प्राणी त्यात आणता येणार नाहीत असे जाहीर झाले. निर्मात्यांनी दिलेल्या कारणांत झुंजीचा समतोल हेही एक होते. कारण पटण्यासारखे आहे. तरीही जगभरचे खेळाडू संतापले. त्यांतल्या कित्येकांनी त्या प्राण्यांना वर्षानुवर्षे पेटीबाहेर काढले नसेल. पण ते आपले आहेत, ही भावना पक्की होती. ती केवळ मालकीची होती की मायेची, हे मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही मिसळलेले असते, जसे घराघरांतून असते.

सुटी संपली तेव्हा नातू किल्ल्यावरचे मावळे उचलून कागदात गुंडाळू लागला. त्यांतल्या एकाचा हात तीन वर्षांपूर्वी तुटला आहे. त्याला दरवर्षी मागच्या दरवाजावर, तुटकी बाजू भिंतीकडे करून उभा करतात.

"याला कशाला ठेवतोस रे?" मी मुद्दाम विचारले.

"असं काय करता, आजोबा? तो आपला आहे ना!" तो म्हणाला, आणि त्याने त्याला इतरांपेक्षा एक कागद जास्त गुंडाळला.

खारीला पेटीत ठेवा म्हणणारा आणि मावळ्याला जपून खोक्यात ठेवणारा मुलगा एकच होता. किल्ल्याला फक्त पहारेकरी हवे असतात, सगळ्यात बलवान सहा नव्हेत. आणि तो मावळा दरवर्षी बाहेर निघतो, हेही खरे. मी मात्र दाराशी उभ्या राहिलेल्या त्या मुलाला परत बोलावले नाही. एक बाक रिकामा होता. तो बसला असता तर माझे काय बिघडले असते, याचा हिशेब गणिताचा मास्तर असूनही मला अजून करता आलेला नाही.