पाचवे कारण

कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करण म्हणजे इंद्रिये व साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया व प्रयत्न, आणि दैव अशी पाच कारणे भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहेत. दैव त्यांत शेवटचे आहे. परंतु भोर तालुक्यातील कामथडीसारख्या महामार्गालगतच्या गावात अपघातात कुणाचा पाय गेला, की ‘नशिबातच होते’ एवढ्यावर विषय मिटवला जातो.

तो तेथे मिटू नये. गुडघा निखळला असता त्याच्या मागची धमनी, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी वाहिनी, ताणून फाटू शकते आणि रक्ताविना स्नायू साधारण सहा तासांपलीकडे तग धरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ही धमनी बहुधा बांधूनच टाकत व अशा जखमींपैकी सुमारे 73 टक्क्यांचा पाय कापावा लागे. 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात ती शिवली जाऊ लागली, तेव्हा हे प्रमाण अशा जखमींच्या जवळपास एक तृतीयांशावर आले. मधल्या थोड्या वर्षांत सैनिकांचे प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्माचा या जन्मी भोगावयाचा अंश, पालटले असे कट्टर दैववादीही म्हणणार नाही.

पालटली ती चेष्टा. धमनीच्या गोल तोंडावर समान अंतरावर तीन टाके घेऊन ते ताणले, की वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडेवर सुई नीट चालते, ही युक्ती ल्यों शहरातील एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडे सुईकाम शिकलेल्या अलेक्सिस कॅरल यांची. 1912 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मधला तुकडाच निकामी झाला असेल तर व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक, दुसऱ्या पायाची शीर काढून ती उलटी जोडतो, कारण शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, सोडतात आणि सुलटी बसवलेली शीर वाटच अडवील. (हेच कॅरल 1902 मध्ये लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री गेले होते; मरणोन्मुख तरुणी तेथे सावरताना पाहिल्याचे त्यांनी नाकारले नाही, आणि सुईही खाली ठेवली नाही.)

उत्तम शिवलेल्या धमनीतही कधी गुठळी होते. तेथे पाचव्या कारणाला जागा आहे. पहिली चार पुरी होण्याआधी त्याचे नाव घेणे ही मात्र निव्वळ हयगय होय. दुखावलेल्या गुडघ्याखालचे पाऊल गार पडले असेल, तर रुग्णवाहिकेच्या 108 क्रमांकावर तेवढे आवर्जून सांगावे आणि धमनी शिवणारा सर्जन कोठे आहे हे आधी विचारावे. सहा तास अपघाताच्या क्षणापासून मोजायचे असतात.