भिंतीतला पिंजरा

1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना लिस्बन हादरलं. चर्चं भाविकांसकट कोसळली, तेजो नदीच्या मुखातून समुद्र आत शिरला आणि वेदींवरच्या मेणबत्त्यांनी, घरातल्या चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस विझली नाही. राजा जोझे पहिला त्या दिवशी कुटुंबासह शहराबाहेर नदीकाठच्या बेलेमला होता, म्हणून वाचला. पण दगडी छताखाली झोपायला तो पुन्हा कधी धजावला नाही. अजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी आधी तंबू आणि मग लाकडी राजवाडा उभा राहिला. ब्राझीलच्या खाणींतलं सोनं ज्याच्या खजिन्यात येत होतं, तो राजा 1777 साली मरेपर्यंत त्या लाकडी वाड्यात राहिला. लोक त्याला शाही झोपडं म्हणत.

राजाच्या भित्रेपणाला हसता येईल. मला मात्र लिस्बनच्या वास्तुकलेचा विचार तिथूनच सुरू करावासा वाटतो. राजाने जे उघडपणे केलं, तेच त्याच्या इंजिनीअरांनी अख्ख्या शहरासाठी झाकून केलं.

मानुएल दा माया हा राज्याचा मुख्य अभियंता तेव्हा ऐंशीला टेकलेला होता. शहर होतं तसंच बांधावं, रस्ते रुंद करून बांधावं, सगळं सपाट करून नव्याने आखावं, की जागाच सोडून बेलेमकडे नवं शहर वसवावं, असे पर्याय त्याने लिहून सरकारपुढे ठेवले. फायद्यातोट्यांसकट. आपत्तीनंतरचा इतका थंड डोक्याचा सरकारी कागद आजही दुर्मीळच. पंतप्रधानकीचा कारभार हाकणाऱ्या, पुढे मार्किस दि पोंबाल झालेल्या मंत्र्याने नवी आखणी निवडली. युजेनिओ दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल यांनी नदीकाठच्या सखल भागात, म्हणजे बायशात, काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले. त्यांना नावं मिळाली ती सोनारांची, चांभारांची, खोगीर करणाऱ्यांची.

या घरांतली खरी करामत रस्त्यावरून दिसत नाही. खालची जमीन ओली, गाळाची, म्हणून आधी पाइनचे सोट ठोकून पाया केला. तळमजला दगडी कमानींचा. त्याच्या वर मात्र भिंतीच्या पोटात उभ्या, आडव्या आणि तिरप्या वाशांची चौकट. चौकोनाचौकोनात फुलीसारखे दोन तिरके वासे, मधल्या फटींत दगडगोटे आणि चुना, आणि सगळ्यावर गिलावा. याला म्हणतात गायोला, म्हणजे पिंजरा. जमीन हलली की भरण गळून पडावं, पण लाकडाने वाकून, कुरकुरून का होईना मजले पेलून धरावेत, हा हिशेब. नमुन्याचा पिंजरा चौकात उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का पाहिलं, असं सांगतात. आग पसरू नये म्हणून दोन घरांमधल्या भिंती छपराच्या वर काढल्या. खिडक्यांच्या चौकटी, वासे, लोखंडी काम हे सारं ठरावीक मापाचं, आधी तयार करून आणलेलं. दर्शनी भागावर नक्षी नाही, घराण्याची मिरवामिरवी नाही. उमरावाचं घर आणि व्यापाऱ्याचं घर एकाच रांगेत, एकाच तोंडवळ्याचं. फोटोत ही घरं कंटाळवाणी वाटतात, आणि तो मला त्यांचा दोष वाटत नाही.

पण न दिसणाऱ्या गुणाला वाली नसतो. दर्शनी भिंत वारसा म्हणून जपली जाते. आत हॉटेल करायचं, लिफ्ट बसवायची, न्हाणीघरं वाढवायची, की मधल्या भिंती जातात आणि त्यांच्यासोबत पिंजऱ्याचे वासेही. रस्त्यावरून काही कळत नाही. तिथले अभियंते याबद्दल वारंवार सावध करत आले आहेत. पर्यटकाला विकलं जातं ते अठराव्या शतकाचं तोंड, आणि त्या शतकाची अक्कल मात्र राडारोड्याच्या गाडीत जाते.

याच भागाला लागून असलेल्या शियादोत 25 ऑगस्ट 1988 ला मोठी आग लागली, जुनी डिपार्टमेंट स्टोअर्स बेचिराख झाली. पुनर्बांधणीचं काम पोर्तोच्या आल्वारो सिझांकडे आलं. जळक्या जागेवर आपली सही ठोकायची संधी कुणी सोडली नसती. सिझांनी जुने दर्शनी भाग राखले, इमारतींच्या मागची कोंदट अंगणं मोकळी केली, चढावरच्या रस्त्यांना जोडणाऱ्या वाटा काढल्या. हाही मुखवटाच जपणं नाही का, असा आक्षेप तेव्हा आला होता आणि तो अगदीच फोल नाही, कारण आतलं बांधकाम नवंच आहे. फरक असलाच तर इतका, की इथे आतला भाग आगीने आधीच नेला होता. दहा वर्षांनी एक्स्पो 98 साठी त्याच सिझांनी पोर्तुगाल पॅव्हेलियन बांधलं. तिथे दोन खांबदार ओवऱ्यांमध्ये पोलादी दोरांवर काँक्रीटचं छत झोळीसारखं सोडलंय, जाडी अवघी 20 सेंटिमीटर, आणि खाली काहीच नाही. नुसती सावलीची जागा.

बेलेमचा काठ याच्या नेमका उलट. जेरोनिमोस मठ 1755 च्या धक्क्यातून बराचसा वाचला, आणि त्याचे खांब पाहताना थक्क व्हायला होतं, हे मान्य करायलाच हवं. दगडात दोरखंड आहेत, गाठी आहेत, समुद्री वनस्पती आहेत. हे सारं उभं राहिलं ते आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या करातून, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालातूनही. वास्को द गामाची कबर आतच आहे. थोड्या अंतरावर बेलेमचा बुरूज, आणि त्याच्या एका टेहळणी मनोऱ्याच्या बुडाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा 1515 मध्ये जहाजाने लिस्बनला पोहोचला होता, त्याची ही आठवण. काठावरच ‘शोधयात्रांचं स्मारक’ आहे. 1940 च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने 1960 मध्ये ते काँक्रीट आणि दगडात कायमचं केलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा पोर्तुगालच्या हातून गेला.

बुरुजापासून जवळच 2010 मध्ये शांपालिमो फाउंडेशनचं केंद्र उघडलं. कर्करोगावरचे उपचार आणि मेंदूविज्ञानाचं संशोधन तिथे चालतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया: मूळ गोव्याचं कुटुंब, कर्मभूमी मुंबई, मांडवीकाठच्या कला अकादमीचे कर्ते. कोरियांनी जागेच्या मधोमध इमारत घातलीच नाही. दोन इमारतींच्या मधून एक दगडी वाट तिरकी, हलक्या चढाने जाते. चढताना समोर फक्त आकाश दिसतं, टोकाला दोन भलेमोठे दगडी खांब, आणि वर पोहोचल्यावर नदी समुद्राला मिळते ते पाणी. ही वाट कुणालाही खुली आहे.

गोव्याच्या माणसाने वास्कोच्या धक्क्यावर दिलेलं हे प्रत्युत्तर आहे, असं वाचायचा मोह आपल्याला होणारच. मला तो मोह स्वस्त वाटतो. प्रत्युत्तर द्यायचंच असतं तर कोरियांना तिथे आणखी एक मनोरा उभारता आला असता. कोरियांनी आतल्या उपचारकक्षांना झाडांनी भरलेली बाग दिली, म्हणजे औषध चढत असताना रुग्णाच्या नजरेला हिरवं काही पडेल, आणि नदीकाठची सगळ्यात मोक्याची जागा रिकामी सोडून दिली. बेलेमच्या त्या काठावर जिंकल्याची खूण न ठेवणारी मोठी वास्तू मला ही एकच दिसते. तिची जातकुळी शेजारच्या बुरुजाशी जुळत नाही, बायशातल्या त्या सपाट तोंडाच्या घरांशी जुळते.