‘आई, झालं!’ या हाकेविषयी

अल थुमामा, दोहा
फेब्रुवारी अखेर

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. तुझ्या मुलाचा इथल्या शाळेत प्रवेश झाला, हे वाचून बरं वाटलं. डाळी, मसाले, पोहे यांची यादी पाठवली आहेस. त्यातलं काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं. मला खरं उत्तर द्यायचं आहे ते तू पत्राच्या कोपऱ्यात लिहिलेल्या एका ओळीला. ‘मावशी, तो अजून संडासातून ‘आई, झालं!’ म्हणून हाक मारतो. तिथे शाळेत काय करेल?’ ही ओळ तू संकोचून लिहिलीस, पण अख्ख्या पत्रात तीच महत्त्वाची आहे.

आधी संकोच सोड. आपल्याकडे सहा-सात वर्षांची कितीतरी मुलं आईच्या नाहीतर आजीच्या हातूनच धुऊन घेतात. बालवाडीत शिकवत होते तेव्हा पालक मला अक्षरांबद्दल, पाढ्यांबद्दल, इंग्रजीबद्दल विचारायचे. शी-शूबद्दल फार थोडे विचारत, आणि तेही इतर पालक निघून गेल्यावर, दारात थांबून. घरात आई आहे तोवर काही अडत नाही. अडतं ते शाळेत. ज्या मुलाला स्वतःला धुता येत नाही, त्याच्यापुढे शाळेत एकच उपाय उरतो: दाबून ठेवायचं. माझी काळजी तिथून सुरू होते.

दाबून ठेवलं की काय होतं ते नीट समजून घे, कारण एकदा ते कळलं की रागवायचं कारणच उरत नाही. मोठ्या आतड्याचं एक काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. मळ जितका जास्त वेळ आत राहील तितका तो कोरडा आणि टणक होतो. मग शी करताना दुखतं. दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट धरून ठेवतं: पाय आवळतं, टाचा उचलून उभं राहतं, कोपऱ्यात जाऊन गप्प होतं. असं महिनोन्महिने चाललं की गुदाशय ताणलं जातं आणि ‘आता लागली आहे’ ही जाणीवच बोथट होते. आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपून चड्डीला लागतो. मुलाला ते कळतही नाही. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, किंवा पोरगं आळशी आहे, मुद्दाम करतं. ते मुद्दाम नसतं. भरलेल्या गुदाशयाचा दाब शेजारच्या मूत्राशयावर येतो, म्हणून अशा मुलांची शूसुद्धा निसटते. धुता न येण्यासारख्या साध्या गोष्टीतून दुखणं इथवर पोचू शकतं.

आता इथली गोष्ट ऐक. इथल्या भारतीय शाळा भल्या सकाळी भरतात, बस त्याच्याही आधी दाराशी येते, आणि मुलं दुपारी उन्हात परततात. सकाळच्या घाईत शी राहून जाते, शाळेत तो जाणार नाही, म्हणजे थेट दुपारी घरी आल्यावर. आणि उन्हाळ्यातली दुपार ही इथे नेमकी वाईट वेळ. अल थुमामातल्या आमच्या व्हिलाच्या पाण्याच्या टाक्या गच्चीवर आहेत. मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते पाणी असं तापतं की थंड पाण्याच्या नळालाही हात लावताना जपावं लागतं. उन्हाळ्यात इथले लोक गीझर बंद करतात आणि घरात सावलीत असलेलं गीझरमधलं पाणीच थंड म्हणून वापरतात. कमोडशेजारी जो जेट असतो, इथे त्याला शत्ताफ म्हणतात, तो सहसा गच्चीवरच्याच पाण्यावर चालतो. मोठं माणूस हात लावून बघतं. सहा वर्षांचं मूल सरळ खटका दाबतं, आणि एकदा चटका बसला की पुन्हा त्या खोलीत जायला तयार होत नाही. म्हणून संडासात एक लहान बादली आणि एक मग ठेव. पाणी सकाळीच भरून ठेवायचं. जेट वापरायचा झाला तर आधी हातावर धार घ्यायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव. या जेटची धारही जोराची असते. खटका अर्धाच दाबायला शिकव.

पण हे सगळं इथे आल्यावर. शिकवायला सुरुवात तिकडेच कर, आणि ती संडासात करू नकोस, अंघोळीच्या वेळी कर. तिथे वासही नसतो, घाईही नसते. आपला हात मागे नेमका कुठवर पोचतो, कुठे धुवायचं, हे मुलाला दिसत नाही. ते हातालाच कळावं लागतं. उजव्या हातानं मगमधून पाणी सोडायचं, डाव्या हातानं धुवायचं, अंगाचा तोल थोडा पुढे. दोन्ही हातांना वेगवेगळी कामं एकाच वेळी करायची असतात. लहान मुलाला ते अवघड जातं आणि त्याला वेळ लागतो. अंघोळीत जमू लागलं की संडासात शेवटचं काम आधी त्याच्याकडे दे. म्हणजे तू धुवायचंस आणि अखेरचे दोन मग त्यानं. नंतर तुझं कमी, त्याचं जास्त. मग तू दारात उभी. मग दाराबाहेर. शेवटी टिश्यूनं टिपून बघायचं. कागद स्वच्छ आला तर झालं, नाहीतर पुन्हा पाणी. स्वतःचं काम स्वतः तपासायची ही खूण मुलांना फार आवडते, कारण आईला विचारावं लागत नाही. तुझ्या जावेच्या मुलीलाही शिकवशील तर तिला सांग, हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे कधीच नाही. मुलींना लघवीचा संसर्ग होण्याचं ते एक कारण असतं. आणि साबणानं हात धुतल्याशिवाय काम संपलं असं समजायचंच नाही.

कमोडवर त्याचे पाय लोंबकळत असतील तर पायाखाली लाकडी पाट किंवा लहान स्टूल दे. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले की शी सहज होते. आपल्या जुन्या उकिडव्या बैठकीत हेच होत होतं. खाल्ल्यानंतर पाऊण-एक तासाच्या आत आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा न्याहारीनंतर पाच-दहा मिनिटं त्याला निवांत बसू दे. त्यासाठी त्याला आणखी लवकर उठवावं लागेल, म्हणून आणखी लवकर झोपवावंही लागेल. हातात मोबाइल नको. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी दे. इथे एसीत तहान लागत नाही आणि पाणी पोटात कमी जातं, तेव्हा बाटली रिकामी होऊन येते की नाही ते पाहत जा. ज्वारीची भाकरी, पेरू, पपई, पालेभाजी हे तुला मी सांगायला नको.

शाळेसाठी काही गोष्टी ठरवून टाक. गणवेशाची पँट इलॅस्टिकची घे. पट्टा आणि कडक हुक यांच्याशी झटापट करताना मुलांची अर्धी फजिती होते. आतून कडी लावायला आणि काढायला घरी शिकव, कित्येक मुलं कोंडले जाण्याच्या भीतीनं शाळेतल्या संडासात जात नाहीत. ‘मे आय गो टू द वॉशरूम?’ हे वाक्य त्याच्या तोंडी बसव. वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात भेटून सांग की हा विचारेल तेव्हा त्याला जाऊ द्या. दप्तरात एक चड्डी आणि पिशवी ठेव, आणि ती का ठेवली ते त्याला साध्या शब्दांत सांग. शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी असते, तेव्हा परक्या जागेचा सरावही करू. आपण थुमामा स्टेडियमकडे फिरायला जाऊ. गहफिया म्हणजे अरबी विणलेली टोपी, तिच्या आकाराचं ते स्टेडियम त्याला नक्की आवडेल. वाटेत मॉलमध्ये थांबू. तिथल्या स्वच्छतागृहात त्याला जाऊ दे, तू बाहेर थांब. परक्या जागेची भीती परक्या जागेतच जाते.

बालशिक्षणाच्या ज्या परंपरेत मी शिकले तिची मला इथे आठवण होते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या बालवाड्यांत अक्षरांच्या आधी अंघोळ, नखं, केस, हातपाय यांची स्वच्छता होती. या गोष्टी अभ्यासाच्या बाहेरच्या आहेत असं त्यांनी मानलं नाही. स्वतःच्या अंगाची कामं स्वतः करू शकणारं मूल वर्गातही ताठ बसतं, हे मी माझ्या बालवाडीत पाहिलं आहे.

चुका होतील. चड्डी खराब झाली तर बदलायची, धुवायला मदत करायला लावायची, आणि विषय संपवायचा. पाहुण्यांसमोर, त्याच्या मित्रांसमोर, फोनवर आजीला सांगताना त्याच्या देखत हा विषय काढू नकोस. याबाबतीत मी हट्टी आहे. लाज वाटलेलं मूल आणखी दाबून ठेवतं. रात्री गादी ओली होत असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे: पाच वर्षांच्या शंभरातल्या साधारण पंधरा मुलांची होते, बहुतेकांची वयानुसार थांबते, आणि पुष्कळदा आईवडिलांपैकी कुणाची तरी लहानपणी झालेली असते. त्यावर शिक्षा हा उपाय नाही.

मात्र काही लक्षणं दिसली तर थांबू नकोस. शीतून रक्त येणं, पोट फुगलेलं राहणं, चड्डीला वारंवार मळ लागणं, लघवीला जळजळ, चांगला कोरडा राहू लागलेला मुलगा अचानक पुन्हा ओला होऊ लागणं, किंवा खूप तहान आणि वारंवार लघवी यांच्या जोडीला वजन उतरणं. अशा वेळी डॉक्टरच. सरकारी आरोग्य केंद्र इथे थुमामातच आहे. त्यासाठी हेल्थ कार्ड लागतं, ते आल्याबरोबर काढून घेऊ. आणि घरच्या घरी रेचक सुरू करू नकोस, मात्रा डॉक्टरनं ठरवायची असते.

शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. तुझ्या हातात महिनाभर आहे आणि तेवढा पुरेल. सामानाची बांधाबांध नंतर होईल. उद्याच्या अंघोळीला पाण्याचा मग त्याच्या हातात दे.

तुझी,
मावशी