मरणोत्तर मिळालेला हुद्दा

आर्चिबाल्ड बिसेट स्मिथ यांची नोंद ब्रिटनच्या राखीव नौदलातील लेफ्टनंट अशी आहे. प्रत्यक्षात हा हुद्दा त्यांना मृत्यूनंतर मिळाला. हयातीत ते व्यापारी जहाजाचे कप्तान होते. लढणाऱ्या व्यापारी नाविकाला सैनिक मानावे का, या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते.

ब्रिटनने १८५९ च्या कायद्याने राखीव नौदल उभारले. व्यापारी जहाजांवरील अनुभवी नाविकांना तोफा चालवण्याचे शिक्षण द्यायचे आणि युद्ध सुरू होताच युद्धनौकांवर बोलावून घ्यायचे, अशी ही योजना होती. युद्ध युद्धनौका लढतील आणि व्यापारी जहाजे माल वाहतील, हे त्यामागचे गृहीत होते.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजेच बुडवू लागल्या आणि ते गृहीत कोसळले. जहाजांवर बचावापुरत्या तोफा बसल्या, पण त्या जहाजांच्या कप्तानांना सैनिकाचा दर्जा नव्हता. कप्तान चार्ल्स फ्रायट यांनी मार्च १९१५ मध्ये एका पाणबुडीवर आपले जहाज घालण्याचा प्रयत्न केला होता. पुढे ते पकडले गेले. सैनिक नसताना लढल्याचा ठपका ठेवून जर्मनांनी जुलै १९१६ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या.

स्मिथ यांचा जन्म १८७८ मध्ये ॲबरडीनजवळ झाला. १० मार्च १९१७ रोजी अझोर्स बेटांच्या पूर्वेला त्यांच्या 'ओटाकी' या जहाजाची गाठ वेश पालटून फिरणाऱ्या 'म्योवे' या जर्मन युद्धजहाजाशी पडली. ओटाकीवर ४.७ इंची एकच तोफ होती. म्योवेवर ५.९ इंची चार तोफा, शिवाय लहान तोफा आणि पाणतीर होते. थांबण्याचा हुकूम स्मिथ यांनी धुडकावला. सुमारे २,००० यार्डांवरून वीसेक मिनिटे मारा चालला. ओटाकीच्या गोळ्यांनी म्योवेला लागलेली आग तीन दिवस धुमसत होती. स्वतःचे जहाज पेटल्यावर स्मिथ यांनी होड्या उतरवून खलाशांना बाहेर काढले. ते स्वतः मात्र जहाजावरच राहिले आणि फडकत्या निशाणासह बुडाले.

या शौर्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक द्यायचे, तर त्या वेळच्या नियमांत नागरी कप्तान बसत नव्हता. म्हणून स्मिथ यांना मरणोत्तर राखीव नौदलात घेण्यात आले आणि मे १९१९ मध्ये सन्मान जाहीर झाला. १९१५ मध्ये पाणबुडीच्या माऱ्यात मारले गेलेले कप्तान फ्रेडरिक पार्स्लो यांच्याबाबतही हाच मार्ग काढावा लागला. अखेर १९२० च्या राजाज्ञेने सैनिकी आदेशाखाली काम करणाऱ्या व्यापारी नाविकांनाही या पदकासाठी पात्र ठरवले.

मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्याच युद्धात समुद्रात मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. त्यांत नौदलाच्या नाविकांबरोबर व्यापारी जहाजांवरील खलाशीही आहेत. सेवा कामावरून ठरते, हुद्द्यावरून नव्हे. कायद्याला हे मान्य करायला महायुद्ध संपावे लागले.